चौथा कर्णा

मी पदवीधर झालो तो काशिनाथ धर्मा ओव्हाळ यांच्यामुळे. हे वाक्य कुठेतरी छापून यावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती, म्हणून आधीच लिहून टाकले. आता काशीदादांविषयी सांगतो.

शिळफाट्यावर दादांचे लाऊडस्पीकर भाड्याने देण्याचे दुकान होते. लग्न, बारसे, पूजा, सभा, काहीही असो, दादा टेंपोत चार कर्णे घालून हजर. कॉलेज सांभाळून बांबूवर चढून कर्णे बांधायचे काम मी करत असे. तीन कर्णे लोकांकडे तोंड करून बांधायचे आणि चौथा लोकांकडे पाठ करून. कुठे त्याचे तोंड माळाकडे, कुठे ओढ्याकडे, तर एकदा थेट गुरांच्या गोठ्याकडे.

"अरे काशिनाथ, तिकडं कोण ऐकतंय? कोल्हे?" लोक हमखास विचारत.

"कोल्ह्यांनी काय पाप केलंय?" दादा म्हणत. आणि मला खालून ओरडत, "ग्रॅज्युएट, अजून जरा उजवीकडं! हां, बस."

मी तेव्हा अकरावीत होतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीपलीकडे गेले नव्हते. पण दादांनी मला पहिल्या दिवसापासून 'ग्रॅज्युएट' म्हणायला सुरुवात केली ती केलीच. पुढे बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला मी नापास झालो आणि कागदाच्या कारखान्यात हंगामी कामाला लागायचे ठरवले. दादांना सांगायला गेलो. ते सोल्डरिंग करत होते. मान वर न करता म्हणाले, "ग्रॅज्युएट नापास झाला म्हणून काय झालं? ग्रॅज्युएटच हाय ना तो?" दुसऱ्या दिवसापासून ते मला बाजारात, रस्त्यावर, पूर्वीपेक्षा मोठ्याने तीच हाक मारू लागले. भाजीवाली ग्रॅज्युएट म्हणू लागली, एसटीचा कंडक्टर म्हणू लागला. एवढ्या लोकांना खोटे पाडणे मला जमले नाही. मी पुन्हा परीक्षेला बसलो.

पण दादांची खरी ओळख लाऊडस्पीकरवाला ही नव्हे. त्यांचा बँड होता.

त्याची सुरुवात खंडाळ्याच्या एका बंगल्यात झाली. तिथल्या पार्टीला दादांनी स्पीकर लावला होता. बंगल्यातल्या मुलाने विलायतेहून आलेली एक तबकडी लावली. तीत चार पोरे जिवाच्या आकांताने ओरडत होती आणि वाद्ये बडवत होती. दादांनी विचारले, "ह्यांना झालंय काय?" मुलगा म्हणाला, "याला पंक म्हणतात. यांना धड वाजवता येत नाही, पण यांना काहीतरी सांगायचं आहे."

दादा म्हणाले, "मग आपल्याला पण जमंल."

जाताना त्या मुलाने आपली जुनी गिटार दादांना देऊन टाकली. तिला सहापैकी चार तारा होत्या. उरलेल्या दोन दादांनी सायकलच्या ब्रेकच्या तारेतून काढून बसवल्या. गिटारच्या पोटात माइक कोंबून तो अँप्लिफायरला जोडला. पहिल्यांदा ती वाजली तेव्हा समोरचा न्हावी अर्धी दाढी टाकून बाहेर आला आणि म्हणाला, "काशिनाथ, शॉक लागला का रं कुणाला?"

ड्रमवर पोशीरचा पांडू पाटील. चांगला भातशेतीवाला, पण डांबराच्या रिकाम्या पिंपावर काठ्या मारण्याचा त्याला लहानपणापासून नाद होता. ताशा माझ्याकडे. गाणार दादा. पिंपावर दादांनी पांढऱ्या रंगाने लिहिले, 'फर्माईश नाही'. लोकांना ते बँडचे नाव वाटले, म्हणून तेच नाव पडले.

वास्तविक तो नियम होता. दुसऱ्याचे गाणे वाजवायचे नाही आणि कुणी सांगितले म्हणून वाजवायचे नाही. यात गंमत अशी की दादांचा सगळा धंदा सिनेमाच्या तबकड्यांवर चालत असे. ते तबकडी लावत आणि कानात कापूस घालून मांडवाबाहेर जाऊन बसत. मी एकदा ही विसंगती त्यांच्या निदर्शनास आणून दिली.

"धंदा वेगळा, बँड वेगळा," ते म्हणाले. "धंद्यात तबकडी वाजते. बँडात मी वाजतो. हुकूम काय करायचा तो तबकडीला करा."

दादांची सगळी गाणी छोटी होती. आयुष्यभर पुढाऱ्यांच्या भाषणांना माइक पुरवल्यामुळे त्यांना लांबणीचा तिटकारा होता. "चहाला उकळी यायच्या आत गाणं संपलं पायजे. माणसाला सांगायचं असतं ते तेवढ्यात होतं. बाकी सगळा पालापाचोळा." एक गाणे फाट्यावर न थांबणाऱ्या एसटीवर होते. एक विजेवर होते: 'खांब आला, वायर आली, वीज कुठं गेली? सायबाकडं जेवली!' आणि 'अध्यक्ष महोदय' या गाण्याचे शब्द एवढेच होते: 'अध्यक्ष महोदय, बसा.' पण ते दादा वेगवेगळ्या आठ सुरांत ओरडत.

दादांची इच्छा एकच होती. ती ते दर आठवड्याला बोलून दाखवत. "एक कार्यक्रम. पहिल्यापासनं शेवटपर्यंत. मधी कुणी काय सांगायचं नाय आणि कुणी उठवायचं नाय. एकदा झाला का मी मोकळा."

तो काही होत नव्हता. खालापुरात एका लग्नात आम्ही दुसऱ्या गाण्याला होतो, तोच नवऱ्या मुलाचा मामा दोन बोटांत नोट धरून पुढे आला.

"काय बोंबलताय रं? सिनेमातलं वाजव एखादं झकास!"

दादांनी पिंपाकडे बोट केले. "वाचा."

"मला वाचता येत नाय!"

"मग ह्या आमच्या ग्रॅज्युएटला इचारा."

मी अत्यंत नम्रपणे वाचून दाखवले. मामा भडकले. "फर्माईश नाय तर बँड कशाला? वाजवणाऱ्यानं सांगितलेलं वाजवायचं असतं!"

हे ऐकताच दादांचा चेहरा एकदम उतरला. ते रागावले असते तर मला काही वाटले नसते. त्यांनी गिटारची वायर काढली आणि पिंप उचलायला सांगितले. पंगत नुकतीच बसत होती. टेंपोत पांडू घाटरस्त्यापर्यंत धुमसत राहिला. "तत्त्व सांगा, मी कुठं नाय म्हणतो? पण जेवून सांगायचं होतं."

शिळफाट्यावरच्या पूजेत 'अध्यक्ष महोदय' सुरू केले तेव्हा अध्यक्ष नुकतेच बोलायला उठत होते. नेरळला पहिल्या गाण्यालाच कुणीतरी मेन स्विच बंद केला. असे दोन वर्षे चालले. लोक म्हणत, काशिनाथचा बँड वाजतो कमी आणि उचलतात जास्त. दादांवर परिणाम शून्य. परत येताना ते टेंपोत पुढचे गाणे रचत. मला शब्द विचारत आणि मी सुचवलेले, पुस्तकातले म्हणून, नाकारत.

शेवटी त्यांनीच मार्ग काढला. "बोलावतंय कोण आपल्याला? कुणी नाय. मग आपणच जायचं. स्पीकर आपला, बॅटरी आपली. फक्त जागा पायजे."

"माझं खाचर हाय की," पांडू म्हणाला. "भाताची झोडणी झाली, रिकामंच पडलंय."

"पोशीरला?" दादांनी विचारले. मग बराच वेळ गिटारची तार पिळत बसले आणि म्हणाले, "चालंल."

पोशीरच्या खाचरात आम्ही दुपारी सामान लावले. बांधाच्या आधाराने फळ्यांचे स्टेज केले. मी तीन कर्णे गावाकडे बांधले आणि चौथा घेऊन स्टेजमागच्या बांबूवर चढलो. दादा रोज खालून दिशा सांगत. आज ते मुद्दाम बॅटरीपाशी गुंतले होते. पांडूच म्हणाला, "त्या वस्तीकडं कर."

शेतापलीकडे आठ-दहा घरे दिसत होती. "तिकडे कोण राहतं?"

"काशाचा बाप," पांडू हळू आवाजात म्हणाला. "धर्माआबा. एके काळी त्यांच्यासारखी सनई ह्या पट्ट्यात कुणाची नव्हती. माझ्या बापाच्या लग्नात त्यांनीच वाजवली. सांगतील ते, सांगतील तवा. वाजवणारे मांडवाबाहेर, त्यांची पंगत पण बाहेर. छप्पन्न साली धम्म घेतला आणि आबांनी सनई चुलीत घातली. म्हणाले, आता कुणाच्या दारात कुणाच्या हुकमानं वाजवायचं नाय. आणि काशानं लोकांच्या दारात स्पीकर लावायचा धंदा काढला, वर हातात गिटार घेतली! धंदा काढला त्या दिवसापासनं बोलत नायत ते त्याच्याशी. समजावून सांगायला गेला तर दार लावून घेतलं."

मी बांबूवर तसाच लोंबकळत राहिलो. खालापुरात चौथ्या कर्ण्याचे तोंड उत्तरेला असे, नेरळला उगवतीला, कळंबला मावळतीला. मी भूगोल घेऊन शिकत होतो आणि त्या सगळ्या दिशा पोशीरला येऊन मिळतात हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आले नव्हते.

उन्हे कलल्यावर कार्यक्रम सुरू झाला. गाव जमले होते. पहिली दोन गाणी संपली तरी लोकांना ती सुरू झाल्याचे समजले नव्हते. "वायर तपासतोय का रं?" असे कुणीतरी ओरडले. पण विजेच्या गाण्याला पोरे 'सायबाकडं जेवली' म्हणू लागली आणि पाठोपाठ बायका हसल्या. एकाने सिनेमातले मागितले, तर पोरांनीच त्याला पिंप दाखवले.

मध्येच ब्रेकची तार तुटली. दादा ती बसवू लागले, म्हणून मी चौथ्या कर्ण्याची जोडणी बघायला मागे उतरलो. तिथे एक म्हातारे गृहस्थ काठी टेकून उभे होते. हनुवटी हुबेहूब दादांची.

"ह्यो कर्णा आमच्याकडं कुणी लावला?"

"मी बांधला. काशीदादांसाठी."

"कोणाचं कार्य हाय?"

"कार्य नाही, आबा."

"मग बोलावलं कोणी तुमाला?"

"कुणीच नाही." आमच्या बँडविषयी हे उत्तर मी तोवर नेहमी खाली मान घालून दिले होते. त्या दिवशी मान वर होती. "गाणी त्यांची आहेत. कुणी सांगून वाजवत नाही ते. दोन वर्षांत कुणाचंही ऐकलेलं नाही."

आबांनी काठीने कर्णा दाखवला. "आवाज फाटतोय," ते म्हणाले. "कमी कर जरा. आणि त्याला सांग, दम चोरतो तो. पोटातनं ओढ म्हणावं."

मी आवाज कमी केला. आबा तिथेच बांधावर बसले. स्टेजच्या मागे असल्यामुळे दादांना ते दिसले नाहीत. उरलेली सगळी गाणी झाली. कुणी थांबवले नाही, कुणी उठवले नाही. शेवटचे गाणे संपले तेव्हा आबा उठून काठी टेकत वस्तीकडे निघाले.

सामान आवरताना मी दादांना सांगितले. ते वायर गुंडाळत होते.

"कवापासनं होते?"

"तार तुटली तेव्हापासून. शेवटपर्यंत."

"काय बोलले?"

"दम चोरतो म्हणाले. पोटातनं ओढ म्हणाले."

दादांनी वायर गुंडाळून पूर्ण केली. मग ती सगळी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली. "बरोबर हाय त्यांचं," ते म्हणाले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझा निकाल लागला. दादांनी एका लग्नातली तबकडी मध्येच उचलून जाहीर केले, "सूचना ऐका. आपला ग्रॅज्युएट आज ग्रॅज्युएट झालेला हाय." आणि तबकडी पुन्हा ठेवली. मला चंद्रपूर जिल्ह्यात शाळेवर नोकरी मिळाली. तिथून मी त्यांना पहिले पत्र पाठवले ते असे:

'प्रिय दादा, सप्रेम जयभीम.

तुमच्या मापात लिहितो. चुलीवर चहा ठेवला आहे.

मी इथे पोहोचलो. खोली बरी आहे. पहिल्या दिवशी मुलांपुढे बोलायला उभा राहिलो. सांगायचे तेवढे सांगितले आणि बसलो. हेडमास्तर म्हणाले, इतके लहान भाषण या शाळेत प्रथमच झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

इथे मला सगळे सर म्हणतात. ग्रॅज्युएट कुणी म्हणत नाही. संध्याकाळी करमत नाही.

पांडूचे पत्र आले. आबा आता कार्यक्रमाला पुढेच सतरंजीवर बसतात आणि गाणे संपले की चुका सांगतात, असे त्याने लिहिले आहे. म्हणजे चौथा कर्णा आता मोकळा असेल. तो पुढच्या वेळी उगवतीकडे करून लावावा. नकाशात पाहिले, मी त्याच बाजूला आहे.

ऐकू येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी लावा.

चहाला उकळी आली.

तुमचा,
ग्रॅज्युएट'