जिनिंग चौकाचे उगलेकाका

उगलेकाका ऑफिसच्या टेबलावर बैलगाडी चालवत. गाडी काडेपेटीच्या पुठ्ठ्याची, वर दोऱ्याने बांधलेला खराखुरा कापूस, पुढे जुंपलेले दोन खोडरबरी बैल. सगळं आराखड्याच्या मापात कापलेलं. चौकाच्या नकाशावरून ती गाडी ते एका बोटाने ढकलत आणि तोंडाने म्हणत, "हो, हो, होऽ... फिर बाप्पा, फिर!" वळणावर चाक रेषेबाहेर गेलं की त्यांचा चेहरा असा पडायचा, जणू कोणाचा तरी कापूस खरंच रस्त्यावर सांडला.

मी नगरपालिकेच्या बांधकाम विभागात नवी लागले तेव्हा पहिल्या दिवशी हेच दृश्य पाहिलं आणि दारातच थांबले. मी यवतमाळच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, रोज एस.टी.ने यायची. बोलायची इतकी कमी की महिनाभर शिपायाला वाटत होतं, मी केरळची आहे. काकांना तसं काही वाटलं नाही. मान वर न करता ते म्हणाले, "म्याडम, दारात उभ्या राहू नका. ट्रॅफिक अडून राह्यली."

काका आरेखक होते. म्हणजे नुकतेच झालेले. त्याआधीची सगळी नोकरी त्यांनी ट्रेसर म्हणून काढली. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पातळ कागद ठेवून रेषा गिरवायच्या. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, काढणाऱ्याच्या नावाची. त्या चौकटीत काकांनी शेकडो नावं गिरवली होती. स्वतःचं कधीच नाही. जिनिंग चौक हा त्यांचा पहिला आराखडा, आणि शेवटचाही. महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते.

दारव्ह्याचा आणि दिग्रसचा रस्ता जिथे मिळतो, तिथेच बाजार समितीचा फाटा फुटतो. शेजारी कापसातली सरकी काढायची जिनिंग, म्हणून तो जिनिंग चौक. साहेबांना तिथे मोठं गोल सर्कल हवं होतं, मधे कारंजं. काकांचा एकच प्रश्न असायचा, "बैलाले इचारलं का?" हा प्रश्न ते सगळीकडे विचारत. ऑफिसात नवं कपाट आलं तरी, शिपायाच्या पोरीचं लग्न ठरलं तरी. "कागदावर समदं वळते हो. कापूस भरलेली गाडी वळते का, ते पाहा."

साहेबांनी शेवटी माझा तक्ता त्यांच्यापुढे ठेवला. "बैल बैल काय करता उगले? दिवसभरात अकरा गाड्या!"

ती मोजणी मी केली होती. त्या आठवड्यात काका मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी रजेवर होते. मी एकटीच सकाळी आठ ते संध्याकाळी सहा पानटपरीच्या सावलीत बसून रेघा मारल्या. चार उभ्या, पाचवी आडवी. चौक इतका मोकळा होता की मला वाटलं, लोक उगाच ओरडतात.

काकांनी तक्ता डोळ्यांजवळ धरून पाहिला. "अकरा? पोरीनं मोजलं म्हणजे खरं असन." आणि त्यांनी सर्कल मोठं केलं. भोवती एका वेळी एकच गाडी वळेल एवढी जागा उरली.

कापसाची ती वर्षं वाईट होती. भाव नव्हता, आणि सरकारी खरेदी कधी सुरू होईल, कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. हे मला पेपरात वाचून माहीत होतं. पण पेपरातली गोष्ट आपल्या तक्त्यात शिरते, हे मला कोणत्याच पुस्तकाने शिकवलं नव्हतं.

आराखडा शुक्रवारी मंजुरीसाठी यवतमाळला जायचा होता. बुधवारी सकाळी माझी एस.टी. चौकाच्या अलीकडेच थांबली. मी खाली उतरले. गाड्याच गाड्या. बाजार समितीच्या फाटकापासून थेट दवाखान्यापर्यंत, दोन-दोनच्या रांगेत. सवयीने मी मोजायला लागले आणि चाळिसाला थांबले.

एका गाडीवाल्याला विचारलं, "आज काही विशेष आहे का?"

"विशेष काय बाई, खरेदी चालू झाली. मांगं पंधरा-वीस दिवस बंद नव्हती का? जिनिंगमंधी कापूस ठेवाले जागाच नव्हती."

मी मोजलं ते त्याच दिवसांत. रस्ता मोकळा नव्हता, तो बंद बाजाराचा रस्ता होता.

बुधवारी मी कोणाला काही बोलले नाही. गुरुवारीही दुपारपर्यंत नाही. डबा तसाच परत नेला. कागदावरच्या त्या गोलाकडे पाहिलं की मला त्यात अडकलेल्या दोन गाड्या, मागे शाळेची रिक्षा, त्यामागे एस.टी. दिसायची. आणि काका शेजारी शीळ घालत होते. त्यांनी चौकटीत शाईने नाव लिहिलं होतं, आणि ते वाळावं म्हणून त्यावर वहीने वारा घालत होते.

"काका," मी म्हणाले, "माझी मोजणी चुकली आहे."

सगळं सांगितलं. वारा घालणारा हात थांबला.

"आनखी कोणाले सांगतलं?"

"नाही."

"बरं." त्यांनी ड्रॉवरमधून अर्धं ब्लेड काढलं. नकाशाच्या कागदावरची शाई ब्लेडनेच खरवडून काढतात. अगदी हलक्या हाताने, कागद न फाडता, त्यांनी आपलं नाव खरवडलं. वरची भुकटी फुंकरली. "पुन्हा मोजेपर्यंत रेषा तं तशाच राह्यतीन," ते म्हणाले, "पन आता हे माह्या नावावर नको."

शुक्रवारी साहेबांच्या केबिनमध्ये मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "साहेब, मोजनीची तारीख मी चुकीची देल्ली. म्याडमनं फक्त मोजलं."

"तारीख मी ठरवली होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

"तिचं ऐकू नका, साहेब. नवी हाय."

"साहेब, काका रजेवर होते."

साहेबांनी कपाळ चोळलं. "तुम्ही दोघं चुकीसाठी भांडून राहिले का? खरेदी नीट सुरू राहू द्या, मग पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. आणि उगले, तोवर तुम्ही रिटायर. आराखडा नवीन माणसाच्या नावाने जाईल. कळतं ना?"

"कळते, साहेब."

बाहेर आल्यावर मला रडू येत होतं, म्हणून मी पाण्याच्या माठाकडे गेले. काका मागून आले आणि म्हणाले, "कायले एवढं? आपल्याच्यानं गाडी नाही ना अडकली." महिनाअखेरीला शाल, नारळ, दोन भाषणं झाली. एकात त्यांचं नाव चुकलं.

पुढच्या महिन्यातल्या मोजणीला मी सकाळी आठला चौकात पोचले, तर काका आधीच तिथल्या पुलाच्या कठड्यावर बसलेले. इस्त्रीचा शर्ट, दोन डबे, खिशात दोन पेन.

"काका, तुम्ही आता..."

"तू दारव्ह्याची बाजू पाह्य. मी दिग्रसची पाह्यतो."

आम्ही दिवसभर मोजलं. ते मोठ्याने आकडे सांगत. एकोणसाठ की एकोणसत्तर यात मी अडखळले की बोटं दाखवत. प्रत्येक गाडीवाल्याला गाव विचारत, कापूस कसा निघाला ते विचारत. दुपारी माझ्या पुढ्यात एक डबा सरकवला. त्यातल्या पोळ्या जाड आणि एका बाजूने करपलेल्या होत्या. "घरवाली पुण्याले हाय, पोराकडं. नातू लहान हाय ना," ते म्हणाले. "जातो म्हटलं तं पोरगा म्हनते, बाबा, फ्लॅट लहान पडते."

मी पोळी सगळी खाल्ली.

सहा वाजले. माझ्याकडे एकशे ऐंशीच्या वर रेघा होत्या, त्यांच्याकडे त्याहून जास्त. मी तक्ते गोळा केले. "झालं काका. फॉर्म सहापर्यंतच आहे."

ते उठले नाहीत. दिग्रसकडून आणखी दोन गाड्या येत होत्या.

"आनखी अर्धा घंटा मोजू ना बाई," ते रस्त्याकडे पाहतच म्हणाले. "घरी जाऊन काय मोजू?"

मी पुन्हा कठड्यावर बसले. पिशवीतून कोरा तक्ता काढला, आणि वरच्या ओळीत लिहिलं: सहा ते साडेसहा.