सुखदेवमामांची कण्हेर

सुखदेवमामांच्या फाटकाशी पाण्याची बादली, मग आणि साबणाची वडी ठेवलेली असते. तुमचा हात चुकून जरी त्यांच्या कुंपणाला लागला, तरी आतून आवाज येतो, "आंधी हात धुवा! कण्हेर हाय ते, जहर!"

शेलूबाजारच्या शाळेवर बदली होऊन मी त्यांच्या शेजारी खोली घेतली, तेव्हा पहिल्याच दिवशी तीनदा हात धुतले. चौथ्यांदा न राहवून विचारलं, "मामा, एवढं जहर आहे तर उपटून का टाकत नाही?"

"उपटू? अजून बारा फांद्या लावाच्या हायेत!"

मी गोंधळलो, तो पुढे वर्षभर गोंधळलेलाच राहिलो.

मामा विजेच्या खात्यातले निवृत्त लाइनमन. एकेकाळी खांब तपासत फिरायचे, आता कण्हेर तपासत फिरतात. त्यांच्या दारापासून निघालेली कण्हेरीची रांग बाजाराच्या मोकळ्या मैदानाच्या कडेने थेट बुद्धविहारापर्यंत जाते. मैदान मामांचं नाही, विहारही त्यांच्या एकट्याचा नाही, पण रांगेत एक झुडूप वाळलं तरी त्यांना जेवण जात नाही. "लाइन तुटली नाही पायजे," एवढंच म्हणतात.

"मग तारेचं कुंपण घाला ना," मी एकदा सुचवलं.

"तार टोचते."

"कोणाला?"

"नाही समजलं? चांगलं झालं."

कधी म्हणायचे, बकरी याला तोंड लावत नाही म्हणून कण्हेर. कधी म्हणायचे, मे महिन्यातही पानं गळत नाहीत म्हणून. एकदा तर मला पान चोळायला लावलं. "पाहा, चपलीच्या चामड्यावानी हाय का नाही? हजारदा हात फिरवा, फाटत नाही." आणि लगेच हात धुवायला पिटाळलं!

त्यांच्या पत्नी, रमाकाकू, रोज सकाळी काळा चष्मा लावून वंदनेला विहारात जायच्या. एकट्याच, ताठ मानेने, एका हाताने पानं चाळवत. विहाराच्या दारात मामांनी दुसरी बादली ठेवली होती. तिथे काकूही निमूट हात धुवायच्या. मला वाटायचं, नवऱ्याच्या नादाने बाईही कामातून गेली.

परवा पाण्याच्या पाइपसाठी मैदानाच्या कडेला खोदकाम झालं. दुपारी काकू झोपलेल्या असताना यंत्राने मधली झुडपं उपटली आणि नाली बुजवून माणसं निघून गेली. वावभर जागा उघडी पडली, म्हणजे माणसाने दोन्ही हात पसरावेत एवढीच. मामा तिथे मटकन बसले.

"मामा, पुन्हा लावू. मी मदत करतो."

"लागन हो, गुरुजी. पन उद्या सकायचं काय?"

मला काहीच कळेना. मामांनी घराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तिले दिसत नाही. साखरेनं डोये गेले. डॉक्टरनं पाच वर्साआंधीच सांगतलं होतं, तवाच मी फांद्या लावल्या. ती म्हने, ज्या दिवशी मले कोनी हात धरून नेईन, त्या दिवसापासून मी घराबाहेर पडनार नाही."

"आणि ते हात धुणं?"

"रोज पानाले हात लागते तिचा. तिले एकटीलेच धुवाले लावलं असतं तं तिले वाईट वाटलं असतं. म्हून साऱ्या गावाले लावलं."

वर्षभर मी या माणसाला चक्रम म्हणत होतो. मला स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर उठलो. मामा त्या उघड्या जागेत दोन्ही हात पसरून उभे होते. दोन्ही मुठींत कण्हेरीच्या फांद्या, त्यांची टोकं दोन्हीकडच्या झुडपांना टेकलेली. काकू आल्या. त्यांचा हात पानांवरून सरकत मामांच्या बाहीवर आला आणि थांबला. मामांनी श्वास रोखला. इकडे मीही. तो हात सावकाश बाहीवरून खांद्यावर आला, छातीच्या फासळ्यांवरून पलीकडच्या बाहीवर गेला आणि पुढच्या पानांना लागला.

चार पावलं गेल्यावर काकू थांबल्या. मागे न वळता म्हणाल्या, "या झाडाले खाऊपिऊ घालत जा कोनी. लयच सुकलं हो."