लिस्काला लावलेलं पातं

पातं लुद्विकने झकास बनवलं होतं. तेल साठवायची जुनी लोखंडी टाकी उभी चिरून त्याने अर्धी घेतली, खालच्या कडेला ट्रकच्या स्प्रिंगची पट्टी बोल्टने आवळली आणि वर नारिंगी रंगाचे दोन हात दिले. घराच्या गल्लीतला बर्फ आता लोण्यासारखा निघणार, असं त्याने बायकोला, तिल्काला, जेवताना सांगितलं. फक्त ते पातं ट्रॅक्टरला बसवायचं राहिलं होतं, आणि घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

ट्रॅक्टरचं नाव लिस्का. लुद्विकच्या वडिलांनी लिस्का नावाची गाय विकून तो घेतला, तेव्हापासून घरात त्याला ‘ती’च म्हणायचे. तिला थंडीत चालू करायचं म्हणजे पुढून हँडल मारावं लागे, आणि मारताना दोन गोड शब्दही बोलावे लागत. गल्लीचा बर्फ पूर्वी शेजारचा स्रेच्को काढून द्यायचा. गावचे रस्ते मोकळे करायचं काम पंचायतीने त्यालाच दिलेलं. मोठा नवा ट्रॅक्टर, पुढे घडीचं पातं. जाता जाता वर लुद्विकच्या दारापर्यंत एक फेरी मारली की झालं. पण अग्निशामक दलाच्या वार्षिक जेवणात तो सगळ्यांदेखत म्हणाला की लिस्काला संग्रहालयात ठेवायला हवं, आणि तिच्या शेजारी लुद्विकलाही. लोक हसले. लुद्विक उठून घरी आला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद, आणि स्रेच्कोचं पातं त्याच्या स्वतःच्या फाटकाशी थांबायला लागलं. वरची गल्ली तिल्का फावड्याने उपसायची, कारण लुद्विकच्या कमरेने कधीच राम म्हटला होता.

या शनिवारी मात्र त्यांच्या मुलीचे, नेझाचे, होणारे सासू-सासरे पहिल्यांदा घरी जेवायला येणार होते. माणसं समुद्रकाठची, बर्फ त्यांनी लांबच्या डोंगरावरच काय तो पाहिलेला. तिल्काने नवऱ्याला दोन पर्याय दिले: एक तर स्रेच्कोशी बोल, नाहीतर शनिवारपर्यंत गल्ली मोकळी कर. लुद्विकला दुसरा पर्याय फारच सोपा वाटला.

पातं पुढे बसवायचं तर लिस्काचं नाक नाजूक. रेडिएटर अगदी तोंडाशी, आणि पुढे काही उचलायची सोयच नाही. उचलणारे दोन दांडे होते ते मागे. लुद्विक शेडमध्ये बराच वेळ तिच्याभोवती फिरला आणि शेवटी त्याने पातं मागेच बसवलं. ट्रॅक्टर उलटा चालवायचा, एवढंच. माणूस सीटवर वळून बसला की मागचं ते पुढचं.

शनिवारी सकाळी गुडघाभर बर्फ पडला होता. लिस्का दुसऱ्या हँडलला सुरू झाली, हे लुद्विकला शुभ वाटलं. मान वाकडी करून, एक हात स्टिअरिंगवर ठेवून, तो रिव्हर्समध्ये गल्ली उतरू लागला. पातं सुरेख चाललं. मागे गल्ली अशी निघत होती की त्यावर पोळपाट ठेवून पोळ्या लाटाव्यात. दारात उभ्या तिल्काने चक्क हात हलवला.

पात्याची एकच गोष्ट लुद्विकच्या ध्यानात आली नव्हती. ते सरळ होतं. तिरकं असतं तर बर्फ बाजूला पडला असता; हे सगळा बर्फ पुढे लोटत होतं. एका बाजूला दगडी बांध, दुसऱ्या बाजूला बागेचं कुंपण, त्यामुळे बर्फाला बाजूला जायला जागाच नव्हती. पहिल्या वळणावर ढीग पात्याएवढा झाला, जुन्या पेअरच्या झाडाशी लुद्विकच्या डोक्याएवढा. पुढचं दिसेना. थांबावं असं त्याला वाटलं, पण ढीग भर गल्लीत टाकून उपयोग काय? खाली रस्त्याशी गेल्यावर बघू, असं म्हणून तो जात राहिला. उतार होताच, लिस्का खुशीत होती.

गल्ली खाली जिथे वळते तिथे लुद्विक वळला, पण ढीग सरळ गेला. समोर स्रेच्कोचं फाटक सताड उघडं होतं. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला गोठा, आणि मधल्या त्या वाटेत सगळ्या गल्लीचा बर्फ बुचासारखा जाऊन बसला. लुद्विकने पातं उचलायचा दांडा ओढला. पातं बर्फाखाली गाडलेलं, ते जागचं हललं नाही. उलट लिस्काची पुढची दोन्ही चाकं अलगद हवेत गेली. एखादी गाय मागच्या पायांवर उभी राहावी तशी ती दिसत होती, आणि वर लुद्विक.

ढिगाच्या पलीकडे एक मोठं इंजिन गरम होऊन घुरघुरत होतं. ते बंद झालं. गावचे रस्ते काढायला निघालेला स्रेच्को आपल्याच अंगणात कोंडला गेला होता.

तिल्का धावत खाली आली. तिने ढिगाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

पलीकडून आवाज आला, “तिल्का, तुझ्या नवऱ्याला विचार, त्याला काय करायचंय?”

“त्याला सांग,” लुद्विक सीटवरून म्हणाला, “की गल्ली साफ करतोय.”

तिल्काने इकडचं तिकडे सांगितलं. तिकडून निरोप आला की गल्ली साफ झाली, आता अंगणाचं काय? इकडून निरोप गेला की थोडा धीर धरायला सांग. तिकडून पंचायतीचा निरोप जोडला गेला: फोन तीनदा वाजलाय. तसे निरोप चालू असताना तिल्काला भट्टीत ठेवलेलं डुकराचं मांस आठवलं.

“आता एकमेकांना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही सांगा,” ती म्हणाली. “माझं मांस करपतंय.” आणि ती निघून गेली.

झाडावरून बर्फाचा एक गोळा पडला. लिस्काचं इंजिन दोनदा खोकून विझलं.

“ब्लेड तिरकं का नाही बसवलंस?” ढिगापलीकडून स्रेच्कोने विचारलं.

प्रश्न बरोबर होता, लुद्विकला उत्तर द्यायलाच हवं होतं. “मागच्या दांड्यांवर तिरकं कसं बसणार?”

“मधे फिरती प्लेट टाकायची. दोन भोकं, एक खिळा.”

“हं,” लुद्विक म्हणाला. आणि जरा वेळाने, “फावडं आहे का तिकडे?”

फावडी दोन निघाली. पंचायतीला स्रेच्कोने फोन करून सांगितलं की मशीन अडकलंय, वरच्या गावाच्या माणसाला पाठवा. कशामुळे अडकलं ते मात्र सांगितलं नाही, हे लुद्विकने ऐकलं. एकाने इकडून, एकाने तिकडून उपसायला घेतलं. कमरेचं काय झालं कुणास ठाऊक, लुद्विकला तिची आठवणच राहिली नाही. प्लेट किती जाडीची हवी यावर त्यांचा वाद झाला, आणि तो वाद इतका रंगला की व्याह्यांची गाडी येऊन थांबल्याचं दोघांनाही कळलं नाही. व्याही खाली उतरले, हवेत चाकं उचललेल्या ट्रॅक्टरकडे आदराने पाहिलं, आणि इथे बर्फ असाच काढतात का म्हणून विचारलं.

“असाच,” स्रेच्को म्हणाला.

पाहुणे लख्ख साफ केलेल्या गल्लीतून चालत वर गेले. विहीणबाई तिल्काला म्हणाल्या की रस्ता किती छान ठेवलाय, आमच्याकडे फुटपाथही एवढा सपाट नसतो. तिल्काने ती स्तुती मुकाट्याने घेतली आणि नवऱ्याच्या ताटात मांसाचा मोठा तुकडा वाढला.

संध्याकाळी लुद्विक लिस्काला न्यायला खाली आला तेव्हा ढिगाला वाट पडली होती आणि लिस्का चारी चाकांवर उभी होती. स्रेच्को दिसला नाही. सोमवारी येऊन प्लेट वेल्ड करून देतो, असं तो दुपारीच बोलला होता. फाटकाशी त्याची बायको मार्यांका उभी होती, हातात फडक्यात गुंडाळलेली पोतित्सा, म्हणजे अक्रोड भरलेला गोड पाव.

“झोपलाय,” तिने आतल्या खोलीकडे मान हलवून सांगितलं. “दुपारी माझ्यासोबत जेवला. बसून. मग पत्ते खेळलो. बर्फ पडलेल्या दिवशी तो घरात आहे, असं लग्नापासून कधी झालं नव्हतं.”

लुद्विकने पोतित्सा घेतली आणि झाल्या त्रासाबद्दल माफी मागायला तोंड उघडलं. मार्यांकाने त्याला थांबवलं, एकदा घराकडे बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“पुढच्या शनिवारीही बर्फ सांगितलाय,” ती म्हणाली. “त्या प्लेटची एवढी घाई करू नका, लुद्विक.”