दोन माणसांची बोट

बोट विकत घेणं सोपं, ती पाण्यात कुठून सोडायची हे ठरवणं महाकर्मकठीण. डोंबिवलीच्या बाळराव लेल्यांनी निवृत्तीनंतर हवा भरायची दोन माणसांची बोट घेतली आणि खाडीकाठचे सगळे धक्के पालथे घातले. एकीकडे चिखल, दुसरीकडे कुत्री, तिसरीकडे पार्किंगच नाही. ("लेकीच्या लग्नाला एवढे जोडे झिजवले नाहीत," असं त्यांच्या पत्नी उत्तराबाई म्हणाल्या. ते खरंच होतं. ऋजुताने आपलं आपणच जमवलं होतं.)

बाळरावांना मासे धरायचे नव्हते. नोकरीच्या धबडग्यात बायकोशी निवांत बोलणं राहून गेलं, ही त्यांची खंत होती. आता वेळ होता, पण वाक्य अर्ध्यावर आलं की कुकरची शिट्टी व्हायची. बोटीतून उठून ती कुठे जाणार? उत्तराबाईही कबूल झाल्या होत्या. "एकदाच हं. आणि पाय चिखलात घालणार नाही."

शेवटी विसर्जन घाट पसंत पडला. सिमेंटचा स्वच्छ उतार, कठडा, वर गाडीला जागा. भरतीची वेळ साधून दोघं रविवारी सकाळी पोचले. अनंत चतुर्दशी सोडून बाळरावांनी तिथे कधी पाऊल ठेवलं नव्हतं. एरवी तिथे दहावे होतात, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

उतारावर माणसं पिंडापाशी तिष्ठत होती. कावळा काही शिवेना. म्हातारीला सांभाळू, जमीन विकणार नाही, सगळं कबूल करून झालं होतं. बाळराव चोरासारखे कडेला बसून बोटीत हवा भरू लागले. बोट फुगली, आणि कावळा उडत येऊन थेट तिच्या टोकावर बसला.

गेलेल्या माणसाचा मुलगा काळुराम, तुळतुळीत गोटा आणि गळ्यात जाड सोनसाखळी, हात जोडून पुढे आला. "काका, आमच्या बानं जल्मभर या खाडीन होडी चालवली. त्याला येक फेरी पायजे."

बाळरावांनी बायकोकडे पाहिलं.

"जा हो. शेवटचं मागणं आहे त्यांचं," म्हणून उत्तराबाई बायकांमध्ये जाऊन बसल्याही.

काळुराम पिंड मांडीवर घेऊन बसला. बाळरावांनी जोर लावून वल्ही मारली आणि बोट जागच्या जागी गरगरू लागली. दोन-तीन प्रदक्षिणा झाल्यावर काळुरामने त्यांच्या हातातली वल्ही अलगद काढून घेतली. फेरी झाली, पिंड उतारावर ठेवला, तोच कावळा शिवला. बायकांनी डोळ्यांना पदर लावला. बाळरावांनाही भरून आलं.

"पानी उतराया लागलं," काळुराम म्हणाला. "आता येकच फेरी व्हईल. काकींना बसवा."

बाळरावांनी वल्ह्यांकडे हात नेला. उत्तराबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा खाडीकडे. मग म्हणाल्या, "काळुराम, तुम्हीच न्याल का मला?"

बोट सुरेख गेली, सरळ. मधोमध पोचल्यावर उत्तराबाई हातवारे करून काळुरामला काहीतरी सांगत होत्या, हसत होत्या. थांबायचं नाव नाही. काठावर एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

बाळराव बायकोची पर्स मांडीवर घेऊन, मान खाली घालून उतारावर बसले. दहाव्याला उशिरा आलेले एक पाहुणे शेजारी टेकले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "सावरा काका. मन मोकलं करा."

इतक्या आपुलकीने बाळरावांशी बऱ्याच दिवसांत कोणी बोललं नव्हतं. त्यांनी पर्स पोटाशी धरली आणि रडून घेतलं.