पहिल्या जुडीचा मान

श्री. ज्याचे आज्ञेने पाणी वर चढते आणि पाऊस होऊन खाली येते, ज्याणे कणसात दाणा भरिला आणि भरतेवेळी कोणा राजास पुसिले नाही, त्या एका परमेश्वरास व त्याचे पुत्रास दंडवत घालून हे वर्तमान लिहिले जाते. ख्रिस्ती सन अठराशे बावन्न, सूर्य हस्त नक्षत्री. खाडी आणि डोंगर यांमध्ये एक राज्य होते. नांव सांगावयाचे कारण नाही, ज्याचे त्याने ओळखावे. गांवे पांच, ख्रिस्ताचे देऊळ एक, आणि पोटास भात, दुसरे काही नाही. त्या राज्यात पूर्वापार ऐसा परिपाठ होता की, नव्या भाताची पहिली जुडी वेदीवर चढल्याखेरीज कोणी शेतास विळा लावू नये. आणि जुडी कोणाची, तर ज्याचे खाचर आधी पिकले त्याची, मग तो भिकारी का असेना. त्याने ती डोईवर घेऊन पुढे चालावे आणि खासा राजाने मागे अनवाणी, बोडक्याने चालावे. दाणा देवाचा, राजाचा नव्हे, हे वर्षातून एक दिवस तरी राजाचे पायांस कळावे, ऐसा वडिलांचा हेतु. शंभर वर्षे यात तंटा म्हणून जाहला नाही.

पुढे मिंगेलराव गादीवर बसले. मनुष्य वाईट नव्हता, परंतु नांवाची हौस दांडगी. विहीर बांधिली, तीवर नांव घातले. क्रूसाचा चौथरा दुरुस्त केला, त्यावर नांव घातले. खाडीतल्या होडीस नांव, घोड्याचे झुलीस नांव. आणि मग मर्जीत आले की, दरसाल कोणी फाटका मनुष्य पुढे चालतो आणि आम्ही त्याच्या टाचा पाहत मागून जातो, हे शोभत नाही. यंदा जुडी आमचे खाचरातली आणि आमचेच डोईवर. म्हणून खास खाचरात बारीक, वासाचे, कमरेएवढे उंच वाढणारे भात लाविले, की जुडी कशी लांबूनही दिसावी. ते भात गरवे, म्हणजे सर्वांचे मागून पिकणारे. रयतेचे भात हळवे, हस्तातच कापणीस येणारे. शेतकऱ्याच्या पोरासही कळणारी ही गोष्ट दरबारात कोणासच सुचली नाही, किंवा सुचली आणि गिळिली.

आता राजाची मर्जी एकट्याने चालेना. जुडी वेदीवर घेणार पाद्री. देवळाचे पाद्री कायतान, वय पंचावन्न, भले, अभ्यासू, मिस्सेच्या उपासनेत आवाज गोड. त्यांजकडे मिंगेलराव स्वतः गेले आणि बोलिले, "पाद्रीबाबा, वेदीस सोन्याचा मुलामा देववितो. एवढे एक आमचे करा." कायतानबाबांस खरे पाहतां तेथेच नाही म्हणावयाचे होते. परंतु शेजारच्या राज्यातील देवळाची वेदी सोन्याची होती, आणि तेथील सणास सर्व पाद्री जमले तेव्हां यांस पंगतीत शेवटी, दाराशी, बसविले होते, ते शल्य मनात होते. म्हणून बोलिले, "सोने देवाच्या गौरवार्थच आहे," आणि पुढल्या रविवारी प्रवचनाच्या चौथऱ्यावरून सांगितले की, यंदा जुडी सरकारची, ती येईतो कोणी कापू नये. लोकांनी माना खाली घातल्या. पाद्री बोलिले म्हणजे देव बोलिला, ऐसे ते लोक.

मग हस्त निम्मा सरला आणि रयतेचे भात पिकले. आधी पिकले ते रेजीनबाय विधवेचे, देवळामागचे एकच खाचर, घरी म्हातारी सासू आणि तीन लेकरे. परिपाठाप्रमाणे मान तिचा. दुसरे दिवशी दुसऱ्याचे पिकले, मग पांचही गांवांचे पिकले, आणि सरकारचे खाचर हिरवेगार डुलत राहिले. कायतानबाबा रोज मिस्सेनंतर बांधावरून फेरी मारीत आणि सरकारचे भाताकडे पाहत, आणि ते काही पिवळे होईना. दरबारी मंडळी रोज म्हणत, "दोन-चार दिवसांचीच बाब." त्या दोन-चार दिवसांस दहा दिवस जाहले. चित्रा लागली. बाबांची झोप गेली, अन्न जाईना, प्रार्थनेस बसले तर ओठ चालत आणि कान पूर्वेकडे, डोंगराकडे, गडगडाट होतो की काय म्हणून लागलेले. परतीचा पाऊस त्या देशी डोंगरावरून येतो, आणि उभ्या पिकल्या भातावर आला म्हणजे सर्व आडवे करून जातो.

एके सकाळी मिस्सा आटोपून बाबा पायरीवर आले तो रेजीनबाय उभी. हातात भाताची एकच लोंब. तिने ती तळहातावर हलकेच हलविली आणि दाणे टपटप गळून पडले.

"ह्ये बगा पाद्रीबाबा. वारा लागला तरी गळतंय. पाखरं येतान ती येगळी. मना मान नको. कोनाचीबी जुडी चढवा, पन चढवा."

बाबा बोलिले, "बाई, चार दिवस कळ काढ."

"चार दिवस मी काढीन. दाना काढील का? त्याला कसं सांगू, तुमीच सांगा."

तिने गळलेले दाणे पायरीवरून वेचून पदरात बांधिले, एकही सोडिला नाही, आणि गेली. ते वेचणे बाबांनी उभ्याने पाहिले, आणि लाज वाटली, आणि लाजेहून अधिक भय वाटले.

तसेच निघून राजवाड्यात गेले. तेथे लगीनघाई. मखमलीची छत्री शिवून आली होती, शहरातून वाजंत्री उतरली होती, वाटेवर कमान उभी राहत होती आणि कमानीवर नांव. मिंगेलराव पागोटे बांधून जुडी डोईवर ठेवण्याची तालीम करीत होते. जुडी म्हणून तूर्त गवताचा भारा. बाबा बोलिले, "सरकार, रयतेचे भात गळते आहे. पाऊस दिसतो. विधवेची जुडी घेतो, आपण मागून यावे."

मिंगेलराव हंसले. "आम्ही मागून? बाबा, देवास काय घाई पडली आहे? तो थांबेल."

"देव थांबेल. ढग थांबणार नाही."

"तर मग प्रार्थना करा. तुमचे काम तेच ना?" ऐसे बोलून त्यांनी भारा नीट केला आणि सहज म्हणाले, "सोन्याचा वर्ख कालच पोहोचला. कारागीर उद्या सकाळी येतो." हे ऐकतांच बाबांचे जिवास किंचित बरे वाटले. बरे वाटले हे त्यांचे त्यांसच कळले. तरी हात जोडिले आणि माघारी आले.

दुसरा दिवस उजाडला तो वारा पडलेला, उकाडा भयंकर, आणि डोंगराची शिखरे काळ्या ढगात नाहीशी जाहलेली. देवळात कारागीर शिडीवर चढून वेदीस वर्ख लावीत होता. अर्धी वेदी सोन्याची जाहली होती आणि खरोखरी डोळे दिपत होते. बाबांस पाहून तो वरूनच म्हणाला, "पाद्रीबाबा, बघून घ्या, जागा बरोबर हाय ना? सरकारांचं नाव डावीकडं, तुमचं उजवीकडं. तुमीच मागं सांगितलं तसंच आखलंय."

बाबांनी वर पाहिले. मध्ये क्रूसावर प्रभू, अंगावर धड वस्त्र नाही. डावीकडे कोळशाने आखलेले मिंगेलराव. उजवीकडे कोळशाने आखलेले पाद्री कायतान. कारागीर खोटे बोलत नव्हता. महिन्यामागे वेदीची मापे घ्यावयास तो आला तेव्हां, कोणी ऐकत नाही ऐसे पाहून, बाबांनीच त्याचे कानांत सांगितले होते. अक्षरे मात्र लहान घाल, म्हणजे नम्रता दिसेल, हेही सांगितले होते. राजास नांवाच्या हौसेचा जो दोष देत होते तो दोष येथे आपलेच हुकुमाने वेदीवर चढत होता, आणि त्याकरितां पांच गांवांचे अन्न शेतात उभे राहून गळत होते. तेव्हां डोंगरावर पहिला गडगडाट जाहला.

बाबांनी झगा खोचला आणि धावत सुटले. वहाण एक देवळाच्या दारात सुटली, दुसरी बांधावर, तिकडे पाहिले नाही. रेजीनबाय खाचराचे कडेस हातात विळा घेऊन बसली होती. लावीत नव्हती. नुसती बसली होती. बाबा धापा टाकीत बोलिले, "जुडी काप. आता काप. तुझीच चढवितो." तिने तोंडाकडे पाहिले आणि म्हणाली, "आता आठवन झाली?" परंतु उठली, आणि कापिली, आणि डोईवर घेऊन चालली, आणि मागे पाद्री अनवाणी, राजाचे जागी. वाटेने जुडीतून दाणा गळतच होता. वेदीपर्यंत पोहोचली तो निम्मी जुडी नुसता पेंढा. बाबांनी ती तशीच वेदीवर ठेविली, कारागिरास शिडीसह खाली उतरविले, स्वतः जाऊन घंटेचा दोर धरिला आणि तळहात सोलवटेतो वाजविली. माणसे धावली, देऊळ भरले, कोणी आग लागली म्हणून घागरी घेऊन आले. बाबा वेदीच्या पायरीवर उभे राहून बोलिले, "जुडी चढली. कापा. आणि ऐका. तुमचे भात राजाने अडविले नाही, मी अडविले. मला सोने हवे होते आणि सोन्यावर माझे नांव हवे होते. देवाचे नांव घेऊन मी हे केले. आता पळा." शेवटचे शब्द ऐकावयास निम्मी माणसे राहिलीच नव्हती, विळे आणावयास गेली होती.

मिंगेलराव घंटा ऐकून छत्री, वाजंत्री आणि हिरवी जुडी घेऊन निघाले, ते कमानीखालून देवळाशी आले. रस्त्याचे दोहों बाजूंस पाहावयास कोणी नाही. बाबा दारात भेटले, विळा हातात. मिंगेलराव गरजले, "जुडी आमची ठरली होती! वेदी आमची!"

"सरकार, वेदी ना तुमची, ना माझी. आपण दोघांनी तिच्यावर हात टाकिला होता. मी माझा काढून घेतला."

"तुम्हांस राज्यातून घालवीन."

"घालवा. संध्याकाळपर्यंत मात्र सवड द्या, कापावयाचे आहे." ऐसे बोलून बाबा गेले. वाजंत्र्यांनी एकमेकांकडे पाहिले, वाद्ये खाली ठेविली आणि तेही बांधाकडे गेले. मिंगेलराव मखमलीचे छत्रीखाली हिरवी जुडी डोईवर धरून कितीएक वेळ उभे होते.

दोन प्रहरी पाऊस आला. डोंगर, खाडी, माणूस काही दिसेना ऐसा आला. तोपर्यंत जे कापून झाकले ते राहिले. बाकी आडवे जाहले आणि चिखलात गेले. कायतानबाबा रेजीनबायचे खाचरात होते. जन्मात विळा धरिला नव्हता, बोट कापून घेतले होते, झगा चिखलाने जड जाहला होता. पावसात तिजपुढे हात जोडून म्हणाले, "बाई, मला क्षमा कर. देवापुढे मागेन, पण आधी तुजपाशी मागतो." आणि डोळ्यांस पाणी आले, ते पावसात दिसले नाही.

रेजीनबायने वर पाहिले नाही. हाताखालची मूठ कापिली, बाजूस टाकिली आणि म्हणाली, "माफी मागा कापनं झाल्यावर. वाका पाद्रीबाबा. तुमच्या पुढली भाताची ओळ तशीच हाय."

बाबा वाकले.

ऐसे वर्तमान जाहले. पांच गांवांचे भात निम्मे घरात आले, निम्मे गेले. रेजीनबायचे घरी पौषापर्यंत भात पुरले, पुढे उसन्या तांदळाची पातळ पेज. सरकारचे गरवे भात हिरवे असल्याकारणाने पावसात तगले, महिन्याने उत्तम पिकले, आणि पाद्रीस राज्यातून घालविण्याचे मिंगेलराव विसरले. वेदी अर्धी सोन्याची, अर्धी लाकडाची राहिली. देवाचा मान देवास पोहोचला, परंतु उशिरा पोहोचला. मान मागणारे दोघे होते, आणि उशिराची किंमत बाकीच्यांनी पोटाने दिली. इतकेच.