शेंडेनक्षत्रातला वाटेकरी

रायभान पाटलांनी हातातला घास ताटात ठेवला, अंगणात जाऊन पुन्हा एकदा आभाळाकडं पाहिलं आणि तोंड पाडून आत आले. तारा होता तिथंच होता. दिवस बुडाला की मावळतीला लिंबाच्या झाडावर तो दिसायला लागायचा, आणि त्याची पांढरी शेपटी चांगली हातभर वर पसरलेली असायची. आठवडाभर हेच चाललं होतं. पाटील पाटावर बसले, घास उचलला आणि परत ठेवला.

"आवं, त्यो काय तुमच्या ताटातली भाकर न्यायलाय का? जेवा की," सुगंधाबाई म्हणाल्या.

"भाकर न्हेली आसती तर परवडलं आसतं," पाटील म्हणाले.

बाईमाणसाला काय सांगायचं म्हणून त्यांनी पुढचं सांगितलं नाही. पण सगळ्या गावाला ते माहीत होतं, मग सुगंधाबाईंना ठाऊक नसेल असं समजणं म्हणजे शुद्ध पुरुषी भाबडेपणा.

पिंगळी स्टेशनपासून कोसभरावरच्या त्या वाडीत निजामाच्या काळापासून दोन पाटील. गावाचा बंदोबस्त बघायला पोलीस पाटील रायभान आणि सारावसुली बघायला माली पाटील ग्यानबा. वाडी एवढीशी, मेंढरं जास्त आणि माणसं कमी, पण दोन्ही घराण्यांचा मान आभाळाला टेकलेला. अक्षय तृतीयेच्या जत्रेत देवापुढं पहिला नारळ कोणी फोडायचा, यावरून दोघांच्या वडलांनी हैदराबादेपर्यंत मुकदमा नेला होता. तो रायभानच्या वडलांनी जिंकला. तेव्हापासून दरसाल रायभान तुऱ्याचा पटका बांधून पहिला नारळ फोडायचे, आणि फोडताना देवाकडं कमी, ग्यानबाकडं जास्त बघायचे.

असा हा माणूस आताशा मांजरासारखा भिंतीच्या कडेनं चालत होता, त्याला कारण कासाबाई. कासाबाई पाटलांची आत्या. वाडीत तेवढ्या एकटीनंच लहानपणी असलं शेंडेनक्षत्र पाहिलेलं होतं. तारा पहिल्यांदा दिसला त्या संध्याकाळी चावडीपुढं गाव गोळा झालं, तेव्हा म्हातारीनं शांतपणे तंबाखू मळत सांगितलं की हे नक्षत्र बारीकसारीक माणसाला हात लावत नाही, ते राजाला नेतं. गावाला हायसं वाटलं. पण ग्यानबाला गप्प बसवेना. निजामाचं राज्य बुडालं, गेल्या साली परभणी मुंबई राज्याला जोडली, आता राजाच उरला नाही तर हे नेणार कुणाला, असं त्यानं विचारलं. कुणीतरी म्हणालं, मंत्र्याला नेईल.

"मंत्री पाच सालाचा," कासाबाई म्हणाल्या. "नक्षत्राला वतनदार लागतो."

सगळ्या चावडीनं मान वळवून रायभान पाटलांकडं बघितलं. काही जणांनी तर जरा सरकून त्यांच्याभोवती जागा मोकळी करून दिली.

त्या रात्रीपासून पाटलांनी मोठेपणा अंगावरून झाडायला घेतला. तुऱ्याचा पटका पेटीत गेला आणि डोक्याला टॉवेल आला. चावडीवरची घोंगडी सोडून ते पायरीवर बसायला लागले. कुणी "रामराम पाटील" म्हटलं की हे मागं वळून बघायचे, जसा काही पाटील दुसराच कुणी मागून येतो आहे. तरी जीव थाऱ्यावर येईना. शेवटी एका सकाळी ते उठले आणि जन्मात ज्या घराची पायरी चढले नव्हते त्या ग्यानबाच्या घरी गेले.

ग्यानबा दारात मेंढीचा खूर बघत बसला होता. पाटील म्हणाले, यंदा पहिला नारळ तुमी फोडा. ग्यानबाचे डोळे भरून आले. बापाचं नाव तोंडात आलं. पण तो माली पाटील, सरकारी वसुलीतला माणूस. फुकट मिळालेल्या चिजेकडं उलटून पालटून बघायची त्याची सवय जाणार कुठं? त्यानं पाटलांवरची नजर काढली आणि मावळतीकडं नेली.

"पाटील, आमी लहान मानसं," तो म्हणाला. "येवढा मान आमाला झेपायचा न्हाई."

"तुमी कशाचे लहान? गावात तुमच्याहून मोठं हायेच कोन?"

"तुमी हाव की. हैदराबादच्या कचेरीनं लिवून दिलंय तसं."

दोन पिढ्या ज्या मोठेपणासाठी भांडल्या तो दोघंही एकमेकांच्या अंगावर ढकलत राहिले, आणि मेंढी बिचारी पाय वर धरून तशीच उभी. पाटील हात हलवत परत आले.

त्याच दुपारी पॅसेंजरनं पिंगळीला उतरून परभणीची दोन माणसं वाडीत आली. एक बन्सीधर, त्याचं कापडाचं दुकान होतं, पण जीव सगळा फोटोत. दुसरे वैजीनाथ मास्तर, त्यांना ताऱ्यांचं वेड आणि गळ्यात दुर्बीण. परभणीत दिवे फार, इथं आभाळ चांगलं काळं मिळेल, म्हणून दोघं कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी आणि काळी पेटी घेऊन शेंडेनक्षत्राचा फोटो काढायला आले होते. पण पेटी बघताच कासाबाईंनी पदर तोंडापुढं ओढला. फोटोनं माणसाचं आयुष्य खुडलं जातं हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांच्या दिरानं हैदराबादेत फोटो काढला आणि त्यात तो गेला. दीर तेव्हा चांगला पिकून गळायला आलेला होता, पण ते कोण लक्षात घेतो? गावानं गलका केला, आणि बंदोबस्ताची जबाबदारी म्हणून रायभान पाटलांनीच दोघांना वेशीबाहेर काढलं.

काढलं, आणि वेशीतच ते थबकले. आयुष्य खुडतं ते कुणाचं? ज्याचा फोटो काढला त्याचं. आणि हे लोक फोटो कुणाचा काढायला आले होते?

रायभान पाटील वयाला आणि पोटाला न शोभेल असे स्टेशनाच्या वाटेनं पळत सुटले. धोतराचा सोगा हातात धरून त्यांनी दोघांना गाठलं आणि हातच जोडले.

"बन्सीधरशेट, माफ करा. काढा त्याचा फोटू. चांगला मोठा काढा."

शेटला वाटलं, पाटलांना विज्ञानाची गोडी लागली. मास्तरांनी तर कौतुकानं त्यांची पाठ थोपटली. गावाला मात्र पाटलांनी खरं काय ते सांगितलं, आणि कासाबाईंनीही विचार करून मान डोलावली. पेटीला काय, माणूस आणि तारा सारखाच.

दिवस बुडायला पाटलांच्याच शेतात घोडी उभी राहिली. मास्तरांनी दुर्बिणीतून बघायचा आग्रह केला, पण पाटील नको म्हणाले. लांब आहे ते लांबच बरं. बन्सीधरनं बजावलं की पेटीचं झाकण बराच वेळ उघडं राहील, तेवढ्यात कंदील नको आणि कुणी मधे हलायचं नाही. नेमकी तेव्हाच रानातली मेंढरं घराकडं निघाली होती. ती अंगावर येतील म्हणून पाटील काठी घेऊन पुढच्या बांधावर जाऊन उभे राहिले. मी आड येतोय का, असं त्यांनी विचारलं. बन्सीधरनं काळ्या फडक्यातून डोकं काढलं, जरा बघितलं आणि म्हणाला, "उलट फार छान दिसतंय. अगदी तसेच उभे राहा."

पाटलांना वाटलं, आपल्या धीराचं कौतुक झालं. पेटीचं तोंड वर आहे, आपण खाली आहोत, मग भ्यायचं काय? पण मान वर केली तर समोर तो तारा, शेपटी उभारून, सरळ त्यांच्याकडंच बघत असलेला. पाटील काठीला धरून जागच्या जागी थिजले. हलायचं नाही हे त्यांना कुणी सांगायची गरजच नव्हती.

आणि काय सांगावं, उपाय लागू पडला. दुसऱ्या दिवशी तारा जरा फिका वाटला. त्याच्या दुसऱ्या दिवशी शेपटी आखडली. मास्तर जाताना म्हणाले होते की हा आता दूर चालला आहे, पण मास्तरांचं कोण ऐकतो? अक्षय तृतीया आली तोवर पाटलांचा टॉवेल उतरून पटका चढला होता. नारळ त्यांनी असा फोडला की पाणी ग्यानबाच्या सदऱ्यावर उडालं. नक्षत्राला मारणारा पाटील म्हणून शेजारच्या गावची माणसं त्यांना बघून गेली. पुढं तारा दिसेनासाच झाला, आणि पाटील दोन्ही वेळा पोटभर जेवायला लागले.

मग बन्सीधर फोटो घेऊन आला. मोठ्या हौसेनं त्यानं तो चावडीत सगळ्यांपुढं धरला. वर तारा झकास आलेला. खाली मेंढरांचा नुसता धूर झालेला, कारण ती हलली होती. आणि त्या धुरात एक आकृती मात्र खिळा ठोकल्यासारखी स्वच्छ उभी होती.

"बाभळ हाय ती," पाटील घाईनं म्हणाले.

ग्यानबानं फोटो जवळ घेतला. "बाभळीला मिशा?" त्यानं हळूच विचारलं.

कुणी हसलं नाही. कासाबाईंनी एकदा फोटोतल्या ताऱ्याकडं बघितलं, एकदा मोकळ्या आभाळाकडं आणि मग भाच्याकडं. आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला. पाटलांना तेवढं पुरलं.

त्या दिवसापासून रायभान पाटील झपाट्यानं उतरायला लागले. सकाळी मनगट मोजायचे, ते बारीक झालेलं वाटायचं. तारा कसा रोज थोडा थोडा विझला, ते त्यांना पाठ होतं, आणि आपली गतही तीच असं त्यांच्या मनानं घेतलं. गावातली माणसं उगाच येऊन बसायची, जुन्या भांडणांची माफी मागायची, आणि त्यानं तर पाटलांचा उरलासुरला धीर जायचा. शेवटी एक दिवस ते एकटेच परभणीला गेले आणि बन्सीधरला म्हणाले, मला ह्याच्यातून बाहेर काढा. बन्सीधर हैराण झाला. इतका चांगला फोटो! पण पाटलांच्या डोळ्यांत पाणी बघून त्यानं कापडाची कात्री उचलली, पाटलांना कातरून वेगळं केलं आणि तो तुकडा त्यांच्या हातात दिला.

पाटील घरी आले ते बऱ्याच दिवसांनी ताठ मानेनं. त्यांनी तो तुकडा बायकोपुढं ठेवला. सुगंधाबाईंनी तो उलटसुलट बघितला.

"आवं, पर आता ह्यात एकटे तुमीच ऱ्हायलाव," त्या म्हणाल्या. "पयलं निम्मं तरी त्या ताऱ्यावर जायचं."

पाटील मटकन खाली बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोपुढं त्यांनी कधी हार खाल्ली नव्हती. आज मात्र त्यांनी तिचा हात धरला, आणि मला लय भ्या वाटायलंय, मला जायचं न्हाई, असं लहान लेकरासारखं म्हणत ते रडले. सुगंधाबाईंनी रडू दिलं. मग चुलीतली लाकडं मागं ओढली आणि म्हणाल्या, "उद्या मला घिऊन चला परभनीला. दोगांचा एक फोटू काढू. निम्मं तुमाला, निम्मं मला."

"आन् तुला भ्या वाटत न्हाई?"

"वाटतंय की. पर तुमच्यामागं ऱ्हायचं म्हटलं की त्याच्याहून जास्ती वाटतंय."

सकाळी दोघं पिंगळी स्टेशनावर गेली, तर तिथं ग्यानबा धुवट सदरा घालून आधीच उभा. बातमी त्याच्यापर्यंत कशी गेली कुणास ठाऊक. वाडीत कुडाच्या भिंती, त्यातून काय आरपार जात नाही? तिसरा वाटा माझा, असं त्यानं जाहीर केलं. पाटलांनी विचारलं की बाबा, तू कशाला तुझं आयुष्य घालतोस? ग्यानबा रुळांकडं बघत राहिला.

"तुमी गेल्यावर मी भांडू कुनासंगं?" तो म्हणाला.

गाडीत दोघं मांडीला मांडी लावून बसले. ग्यानबानं आपल्या फडक्यातली भाकरी अर्धी मोडून पाटलांना दिली, आणि पाटलांनी ती खाल्ली.

बन्सीधरनं दुकानामागच्या खोलीत निळ्या कापडाचं ठाण भिंतीवर सोडलं, त्यापुढं एक खुर्ची ठेवली आणि पेटी नीट लावली. तिघं भिंतीला पाठ लावून उभी होती. पाटलांचा पटका सुद्धा थरथरत होता. ग्यानबा मनात देवाचं नाव घेत होता. बन्सीधरनं काळं फडकं डोक्यावर घेता घेता विचारलं, "तुमच्यात मोठं कोण? त्यांनी खुर्चीवर बसावं."

रायभान पाटील आणि ग्यानबा एकदमच खुर्चीत बसले.

अर्धं अर्धं बूड टेकवून दोघं एकमेकांना रेटायला लागले. पाटील म्हणाले, हैदराबादच्या निकालात बसायचा मानही आला. ग्यानबा म्हणाला, निकाल नारळाचा होता, खुर्चीचा नव्हता, आणि निजामाच्या कचेरीचा हुकूम मुंबई राज्यात चालत नाही. पाटलांनी त्याच्या बापाचं नाव काढलं. ग्यानबानं आजाचं काढलं. खुर्ची करकरायला लागली. पाटलांचा चेहरा लालबुंद झाला, आवाज पहिल्यासारखा खणखणीत झाला, आणि आपण मरायला टेकलो आहोत हे त्यांच्या ध्यानातच राहिलं नाही.

सुगंधाबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग पुढं होऊन एकाचा खांदा धरला, दुसऱ्याचा धरला, दोघांना दोन बाजूंना सारलं, पदर सारखा केला आणि मधोमध खुर्चीवर बसल्या.

"काढा आता शेट," त्या म्हणाल्या. "ह्येंचं भांडन मिटंस्तवर ह्या दोगातलं कुनी मरत न्हाई."