शुभाताईंचं नऊजणींचं मंडळ

शुभाताईंना चहात साखर किती, असं विचारलं तरी त्या म्हणतात, "मंडळाला विचारून सांगते." शारजात, अल मजाज भागात, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये त्या राहतात. यजमान रास अल खैमाला सिमेंटच्या कारखान्यात, घरी येतात ते वीकेंडलाच. त्यामुळे ताईंच्या काळज्या वाटून घ्यायला आठवडाभर आम्ही.

मंडळ म्हणजे पुण्यातल्या मुलींच्या वसतिगृहातल्या, ताई धरून, नऊजणी. कॉलेजच्या शिबिराला त्या डोंगरातल्या एका वाडीवर गेल्या, तिथली शाळा देवळाच्या ओट्यावर भरताना पाहिली आणि 'हिला आपण सांभाळायचं' असं ठरवून परतल्या. आधी छपराला पत्रे गेले, मग फळा, मग पुस्तकांचं कपाट. लग्नं होऊन सगळ्या पांगल्या, पण मंडळ टिकलं. हा इतिहास मला तोंडपाठ आहे, कारण लिफ्ट अडकली की ताई तो सुरू करतात. त्यांना तेवढाच धीर येतो.

घाबरायला त्यांना निमित्त लागत नाही. शारजात धुळीचं वारं सुटलं की वाडीवर फोन. "बाई, समजा, तुमच्याकडचे पत्रे उडाले तर?" मुख्याध्यापिका बाई शांतपणे सांगतात, "ताई, इथं पानसुद्धा हलत नाहीये."

गेल्या महिन्यात शाळेची नवी खोली बांधून झाली आणि उद्घाटनाला मंडळाला बोलावणं आलं. तिकीट काढलं तशी ताईंची झोप उडाली.

"समजा, फ्लाइट डिले झाली? समजा, घाटात गाडी बंद पडली?"

"ताई, यल्ला, चला, बॅग भरा. बाकीचा विचार खलास," मी म्हणायचो.

निघायच्या दिवशी त्यांना एअरपोर्टला सोडायला म्हणून मी लेकीला घेऊन गेलो, तर बॅग रिकामी आणि ताई सोफ्यावर बसून. लेकीनं सहज विचारलं, "आंटी, आर ऑल युअर फ्रेंड्स कमिंग?"

ताईंचा चेहराच उतरला. "कुणी नाही गं. एक गेली. बाकीच्यांचे गुडघे, नातवंडं, संसार. कितीतरी वर्षं मंडळात मी एकटीच आहे. शाळेत मात्र 'आम्ही सगळ्या' असंच सांगत आले. त्यांनी नऊ खुर्च्या मांडल्यात. मी एकटीच गाडीतून उतरले की त्यांना काय वाटेल?"

मला फार वाईट वाटलं. जगाच्या काळज्या बोलून दाखवणाऱ्या या माणसानं खरी काळजी तेवढी कुणाला सांगितली नव्हती.

"बाईंना फोन लावा," मी म्हटलं.

त्यांनी लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे पोरांचा नुसता गलका चालला होता.

बाई म्हणाल्या, "ताई, तुमच्या शेजारी कोण बसणार म्हणून पोरी सकाळपासून भांडतायत. आठ खुर्च्या रिकाम्या आहेत म्हणता? मग बरंच झालं. या लवकर."

ताई उठल्या आणि बॅगेत साड्या भरायला लागल्या.